छगनचं कार्ड की पुण्याचं

धुळ्याहून जळगावला निघालेल्या एसटीत छगन बोरसे पारोळा येईपर्यंत नुसता जागा बदलत होता. खिडकीपाशी बसला तर ऊन. ड्रायव्हरच्या मागे बसला तर इंजिनाची धग. मागच्या बाकड्यावर गेला तर प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला लागायचं. शेवटी कंडक्टरनेच टोकलं, "भाऊ, तिकीट एका सीटचं काढं, अन् गाडी बठ्ठी वापरी राहिनात." आजूबाजूचे लोक हसले. छगनला हसू आलं नाही. ऊन आणि धग या सबबी झाल्या. माणसाचा जीवच थाऱ्यावर नसेल तर सीट काय करणार?

मांडीवर दोन खोकी होती. एक मिठाईच्या दुकानातलं, सुतळीने बांधलेलं. दुसरं पांढरंशुभ्र, त्यावर पुण्याच्या एका कंपनीचं नाव इंग्रजीत छापलेलं. दोन्हींत एकेक कार्ड होतं. आता कार्ड म्हटलं की आपल्याला लग्नाचं आमंत्रण आठवतं. हे म्हणजे चिपा आणि तारा डाग देऊन बसवलेली हिरवी पट्टी. कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामधला निरोप्या. कॉम्प्युटरने सांगायचं, कटर इतका उजवीकडे, इतका खाली. कार्डाने तो निरोप मशीनच्या मोटारींना पोचवायचा आणि मोटारींनी तेवढंच सरकायचं. निरोप्या चोख असला तर काम लोण्यासारखं होतं. तो मधेच स्वतःच्या मनाचं काही बोलला, तर फिरता कटर नको तिथं जाऊन बसतो.

मशीन होतं दाजींचं. दाजी म्हणजे छगनच्या थोरल्या बहिणीचे, लताअक्काचे यजमान, निंबा पाटील. जळगावच्या एमआयडीसीत त्यांची शेड. ठिबकच्या नळ्यांना जे छोटे छोटे जोड आणि तोट्या लागतात, त्यांचे साचे ते करायचे. आयुष्यभर हाताने चाकं फिरवून फिरवून खांदे दुखायला लागले, तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की आपलं जुनं मिलिंग मशीन कॉम्प्युटरवर चालवायचं. सत्त्याण्णव साली जळगावात ही गोष्ट बोलणाराच शहाणा की खुळा, ते लोकांना ठरवता येत नव्हतं. दाजींनी मोटारी बसवल्या, कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणला, आणि राहिलेलं एकच काम मेव्हण्यावर सोपवलं. "कार्ड कोनतं लावानं ते तू ठरव, छगनभाऊ. तू सांगशी तेच लावसूत."

इथंच सगळी गोम होती. पुण्याचं कार्ड छगनने पसंतीवर मागवलेलं. आवडलं तर ठेवा, नाहीतर परत करा. आणि मिठाईच्या खोक्यातलं कार्ड त्याने स्वतः बनवलेलं. धुळ्यात त्याचं टीव्ही आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि गाव हाक मारायचं 'छगन टीव्हीवाला'. लोकांच्या पडद्यावरच्या मुंग्या घालवण्यात उमेद चालली होती, आणि त्याची त्याला मनापासून चीड होती. आपलं कार्ड दाजींच्या मशीनवर चाललं की एमआयडीसीतले दुसरे शेडवाले बघतील, मागतील, आणि टीव्ही नावाचा डबा आपण पुन्हा उघडणार नाही, असं त्याने बायकोला सांगून टाकलं होतं. बायकोलाच कशाला, आग्रा रोडवरच्या निम्म्या दुकानदारांना सांगितलं होतं. कार्डाच्या झाकणावर 'बोरसे इलेक्ट्रॉनिक्स' असं छापूनही घेतलं होतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत.

पण एक काटा सलत होता. पुण्याच्या कार्डात प्रत्येक तारेच्या वाटेवर एक चिमुकली चिप होती, तिला ऑप्टो म्हणतात. तिच्या एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला तो बघणारा डोळा. मधे तार नाही. जुन्या घरांत सून दाराआडून सासऱ्याशी बोलायची ना, तसं. निरोप पोचतो, समोरासमोर येणं नाही. त्यामुळे मशीनच्या बाजूला विजेचा काहीही गोंधळ झाला तरी कॉम्प्युटरच्या बाजूला तो जात नाही, आणि खोटा निरोपही तयार होत नाही. छगननेही आधी आपल्या कार्डात टीव्हीत सापडणाऱ्या तसल्या चिपा घालून पाहिल्या होत्या. त्या पडल्या सुस्त. मोटार जोरात पळायला लागली की त्यांना निरोप झेपेना, मोटार अडखळायची. चपळ चिपा मुंबईला मिळतात म्हणे. तेवढा दम कुणाला? त्याने चिपा काढून टाकल्या आणि सरळ तारा जोडल्या. दुकानातल्या टेबलावर मोटार दिवसभर सुतासारखी चालली. मग काय अडलं, असं तो एरंडोलपर्यंत स्वतःला समजावत होता, आणि समजत मात्र नव्हतं.

शेडवर पोचला तेव्हा दाजी नारळ घेऊनच उभे होते. अक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊन आलेली. तिने मशीनला कुंकू लावलं, कॉम्प्युटरला लावलं, आणि कार्डाकडे वळली तसा छगन आडवा आला. "अक्का, त्याला नको. कुंकू आत गेलं तर जळेल."

"बहिणीच्या कुंकवानं जळतं होय रे तुझं?" अक्का म्हणाली आणि तिने ते बोट त्याच्याच कपाळाला लावलं.

"कोनतं लावतोस?" दाजींनी विचारलं.

"आधी माझं लावून बघू," छगन म्हणाला. बोलताना त्याने पांढरं खोकं टेबलाखाली सरकवलं.

जोडणी करताना एक तार कमी पडली. प्रत्येक निरोपाला जायला एक वाट लागते आणि परत यायला एक. परतीच्या तारेसाठी छगनने इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाला, मशीनचं एवढं मोठं लोखंडी अंग आहे की, वेगळी तार कशाला? परतीचं टोक त्याने मशीनच्या अंगालाच आवळून टाकलं. त्या अंगातून एक जाड पट्टी शेडच्या खांबाला गेली होती आणि तिथून जमिनीत. तीच मशीनची अर्थिंग.

पहिल्यांदा कटरच्या जागी बॉलपेन बांधला आणि टेबलावर कागद चिकटवला. कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मोटारी गुणगुणल्या आणि पेनाने कागदावर वर्तुळ काढलं. असं गोल की बांगडी ठेवून बघावी. दाजी बघतच राहिले. मग बाहेर जाऊन त्यांनी दिसेल त्याला आत ओढून आणलं. "हाई मना शालकनं डोकं शे," असं म्हणत ते तो कागद दाखवत होते. शेजारच्या शेडचा सुपडू वेल्डरही चष्मा कपाळावर चढवून बघून गेला. छगनच्या छातीत कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

मग खरा कटर लावला आणि खाली ॲल्युमिनियमची जाड पाटी. पुन्हा वर्तुळ. कटर फिरत चालला, भुसा उडत होता, दाजी हातात ब्रश घेऊन कटरच्या जवळचा भुसा बाजूला करत होते. तेवढ्यात कटर एकदम ठेच लागल्यासारखा आत सरकला आणि पुन्हा आपल्या वाटेने जाऊ लागला. डोळ्याचं पातं लवावं एवढंच. काम संपलं तेव्हा वर्तुळाच्या आतल्या अंगाला एक बारीक दात आलेला होता.

छगनने दाजींकडे बघितलं. दाजी भुसा झाडत होते. अक्का चहाचे कप गोळा करत होती. कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. त्याने पाटी उलटी करून ठेवली आणि म्हणाला, "पाटी हलली वाटतं. नीट आवळतो."

त्याने पाटी आवळली. मग स्क्रूमध्ये ढिलेपणा असेल म्हणून स्क्रू बघितला. मग फ्लॉपी काढून पुसली, पुन्हा घातली. व्होल्टेज बघितलं, पंखा बंद करून बघितला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याला काय माहीत नव्हती? पण आपलं लेकरू शेजाऱ्याच्या खिडकीवर दगड मारून आलं तरी आईला आधी शेजारीच दिसतो. कधी वर्तुळ नितळ यायचं आणि त्याला वाटायचं, सुटलो. कधी दात यायचा आणि तो पाटी उलटी ठेवायचा. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुपारी अक्काने शेडवरच डबा मांडला. वांग्याचं भरीत, पुऱ्या, वर कच्चा कांदा. छगनने पुरी मोडली आणि तशीच धरून बसला.

"भरीत जमलं नाही का रे?" अक्काने विचारलं.

"जमलंय."

"मग खा की. सकाळपासून बघते, तुझा पाय जमिनीला लागत नाही. मशीन तर चाललं ना?"

"चाललं," छगन म्हणाला. त्याला त्या एका शब्दाची इतकी शरम वाटली की मोडलेली पुरी त्याने पुन्हा पानात ठेवली.

जेवणानंतर अक्का मशीनजवळ बघायला आली. "तू लांब उभी राय," दाजी तिला म्हणाले. ती दारापाशी जाऊन उभी राहिली. दाजी स्वतः मात्र होते तिथंच, ब्रश घेऊन, कटरपासून वीतभर अंतरावर. छगनने बटण दाबलं आणि या वेळी त्याने कटरकडे बघितलंच नाही. तो आजूबाजूला बघत राहिला. शेजारच्या शेडमधून निळा उजेड भिंतीवर चमकला, वेल्डिंगचा चरचर आवाज आला, आणि त्याच क्षणी मोटारीचा सूर बिघडला. भिंतीवर पुन्हा निळा उजेड, पुन्हा तसंच. त्याने मशीन बंद केलं आणि शेजारी गेला.

सुपडू एका गेटच्या सळया जोडत होता. वेल्डिंगच्या मशीनची एक तार त्याच्या हातात. दुसरी तार, जी गेटला चिमट्याने लावायची असते, ती त्याने शेडच्या खांबाला गुंडाळली होती. गेट खांबाला टेकवलेलं. म्हणजे वेल्डिंगचा सगळा करंट खांबातून परत जात होता. आणि दोन्ही शेडचं लोखंड एकच.

"सुपडूभाऊ, ही तार गेटला का लावत नाहीस?"

"दर वेळी चिमटा कोन काढत बसंल? अर्थ म्हंजे अर्थ," सुपडू म्हणाला. "जमीन काय कोनाच्या बापाची हाये?"

छगनला राग आला, आणि दुसऱ्या क्षणी तो राग कुठं ठेवावा ते कळेना. कारण त्याच्या स्वतःच्या गावात घरोघरी हेच चालायचं. विजेच्या खांबावरून एक तार घ्यायची आणि दुसरीच्या जागी अंगणात सळई ठोकायची, की लागला दिवा. दिवा फिका पडला की घरचे आबा म्हणायचे, अर्थला पाणी टाक. तांब्याभर पाणी सळईच्या बुडाशी ओतलं की दिवा पुन्हा उजळायचा, आणि सगळ्या घराला त्याचं कौतुक. आपल्या खानदेशात अर्थ म्हणजे देवाने दिलेली फुकटची तार. डिप्लोमा झाला, दुकान थाटलं, आणि आज सकाळी परतीची तार कमी पडली तेव्हा छगन बोरसेने काय केलं? तेच केलं. सुपडूचा करंट ज्या लोखंडातून जात होता, त्याच लोखंडात त्याच्या कार्डाचा निरोप परत येत होता. वेल्डिंग पेटलं की कार्डाला वाटायचं कॉम्प्युटर बोलला, आणि मोटार उडी मारायची.

तो परत आला आणि एक जुनी वायर सोलून त्याने परतीची वेगळी तार टाकली. मशीनच्या अंगाचा संबंध तोडला. सुपडूला म्हणाला, "तू तुझं काम चालू ठेव." पुन्हा वर्तुळ काढलं. दात आला, आधीपेक्षा बारीक, नखाने चाचपावा लागेल इतका. पण होता. मधे ऑप्टो नव्हता, म्हणून लोखंडातला गोंधळ अजूनही कुठून तरी कार्डात शिरत होता.

आता मात्र त्याला पळवाट उरली नाही. सुपडूला हात जोडून सांगता आलं असतं, आणि सुपडू चांगला माणूस, त्याने ऐकलंही असतं, दोनचार दिवस. मग कंटाळला असता. तो नाही तर पलीकडचा, पलीकडचा नाही तर दाजींच्याच शेडमध्ये कुणीतरी. या पट्टीतल्या कुठल्या शेडला कोरी अर्थिंग मिळणार होती? तो स्टुलावर बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला. रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला, त्याकडे उगाच बघत राहिला. आग्रा रोडवरचे दुकानदार काय विचारतील ते त्याला आत्तापासून ऐकू येत होतं. बायको काहीच विचारणार नव्हती, आणि तेच जास्त लागणार होतं. आणि इकडे दाजींचा हात, जाडजूड, नखात काळं तेल भरलेला, ब्रशने कटरच्या बाजूचा भुसा काढत होता.

त्याने टेबलाखालचं पांढरं खोकं ओढलं.

"दाजी," तो म्हणाला, "माझं कार्ड नको. पुण्याचं लावू."

"बरं," दाजी म्हणाले, आणि लगेच स्क्रूड्रायव्हर आणायला वळले.

एवढंच? छगनला ते झोंबलं. महिनोन् महिने डोळे फोडून बनवलेल्या कार्डासाठी एक 'का' सुद्धा नाही? "दाजी, का ते विचारणार पण नाही तुम्ही?"

दाजी थांबले. ब्रशचे केस बोटाने सरळ करत राहिले. "माले दिसनं व्हतं," ते हळू म्हणाले. "सकायलेच. पहिल्या दातलेच."

छगन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "मग बोललात का नाही?"

"तू इतला हौसमा आणेल व्हतं. बठ्ठ्यासनासमोर मी सांगेल, मना शालकनं डोकं शे. मंग कसं बोलू?" दाजी म्हणाले. "अन् मी बोललो होतो ना, तू सांगशी तेच लावसूत."

"म्हणजे मी म्हणालो असतो हेच लावा, तर हेच लावलं असतं?"

"लावलं असतं."

"आणि तो उडी मारणारा कटर? तुम्ही वीतभर अंतरावर हात घालून उभे होतात, दाजी. अक्काला लांब उभं केलं आणि स्वतः तिथंच. हात गेला असता म्हणजे?"

"हात मना व्हता ना," दाजी म्हणाले. "तुनं मन मोडापेक्षा..."

सकाळपासून तो पाटी उलटी ठेवत होता, आणि हा माणूस ते बघत होता. आपण लपवतोय हे बघूनसुद्धा तो प्रत्येक वेळी येऊन तिथंच उभा राहत होता. छगनला भयंकर राग आला, दाजींचा, स्वतःचा, त्या मान ठेवण्याच्या रीतीचा, आणि डोळ्यांत पाणी आलं ते कुणासाठी ते त्याला सांगता आलं नसतं. "तुम्हाला काही अक्कल आहे का, दाजी?" तो म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला असं बोलायची हिंमत त्याने जन्मात केली नव्हती. दारात अक्का उभी होती. तिने सगळं ऐकलं.

त्याने आपलं कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि पुण्याचं बसवलं. बसवताना एक स्क्रू खाली पडला, तो दाजींनी शोधून दिला. सगळं आवळून झाल्यावर दाजी सवयीने ब्रश घेऊन मशीनपाशी यायला लागले.

"लांब," छगन म्हणाला.

"अरे, भुसा..."

"भुसा राहू द्या. अक्काजवळ जाऊन उभे राहा. इथं मी थांबतो."

दाजी गेले. छगनने भिंतीवर थाप मारून सुपडूला हाक दिली, "सुपडूभाऊ, कर चालू. थांबू नको." पलीकडून चरचर आवाज सुरू झाला, भिंत निळी व्हायला लागली. छगनने बटण दाबलं आणि कटरवर डोळे लावून उभा राहिला. कटर निघाला. निळा उजेड चमकत राहिला, मोटारींचा सूर एकसारखा, भुसा साचत गेला. वर्तुळ सुरुवातीला येऊन मिळालं. त्याने मशीन थांबवलं, पाटी काढली, आणि आतल्या कडेवरून नख फिरवलं. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"हालनं का?" दारातून दाजींनी विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

छगनने पाटी सरळ धरून त्यांच्याकडे केली. "खरं सांगतो, दाजी," तो म्हणाला. "नाही हललं. या, तुम्हीच बघा."